तुम्ही राहता कुठे?

लहानपणी मला गेरूचा वास फार आवडायचा. अण्णा कराड तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर होते. जनगणनेची ड्यूटी लागली की आधी घरयादी करायची असे, आणि घरयादी म्हणजे दाराच्या चौकटीवर गेरूनं नंबर टाकणं आलंच. मी डबा धरायचे, ते कुंचल्यानं आकडे काढायचे. 1991 च्या जनगणनेची ही गोष्ट. 'प्रगणक', म्हणजे घरोघर जाऊन माणसं मोजणारा, हा शब्द मला तेव्हाच पाठ झाला होता, कारण अण्णांच्या खिशाला लावलेल्या ओळखपत्रावर तो लिहिलेला होता आणि त्याचा अर्थ मी वर्गात सगळ्यांना सांगत फिरत होते.

2025 च्या जानेवारीत मी स्वतः प्रगणक झाले. फ्रान्समध्ये.

आमचं गाव ज्युरा डोंगररांगेच्या पायथ्याशी आहे. एं नावाच्या जिल्ह्याचा हा कोपरा, त्याला पेई द जेक्स म्हणतात. पाठीमागे ज्युराची भिंत, समोर जिनिव्हा आणि हवा स्वच्छ असेल त्या दिवशी पार पलीकडे माँ ब्लाँचं शिखर. सगळ्या बाजूंनी असा वेढा आहे की हा मुलूख फ्रान्सचा असूनही तोंड कायम स्वित्झर्लंडकडे करून बसलेला. पायाखाली शंभरेक मीटर खोल सर्न या अणुसंशोधन संस्थेचा 27 किलोमीटरचा गोल बोगदा आहे, त्याचा बराचसा भाग फ्रान्सच्या हद्दीत येतो. नवरा सर्नला काम पुरवणाऱ्या एका कंपनीत आहे, म्हणून आम्ही इथे. गावाचं नाव मी सांगणार नाही. प्रगणकावर गोपनीयतेचं बंधन असतं आणि ते काम संपल्यावरही सुटत नाही. खाली जी माणसं येतील त्यांचे तपशीलही मी इकडचे तिकडे केले आहेत.

आधी कम्यून म्हणजे काय ते सांगायला हवं. आपल्याकडे ग्रामपंचायत, नगरपरिषद, महानगरपालिका अशा पायऱ्या आहेत. फ्रान्समध्ये पॅरिससुद्धा कम्यून आणि चाळीस उंबऱ्यांची वस्तीसुद्धा कम्यून. प्रत्येकीला महापौर, आणि लग्न लावताना त्या महापौराच्या खांद्यावरून कमरेपर्यंत तोच निळा-पांढरा-लाल पट्टा. अशा कम्यून जवळजवळ 35 हजार आहेत आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक ठिकाणी पाचशे माणसंही राहत नाहीत. व्हर्दँजवळ तर सहा कम्यून अशा आहेत जिथे एकही माणूस राहत नाही. पहिल्या महायुद्धात ती गावं इतकी भाजून निघाली की परत वसलीच नाहीत, पण देशासाठी मेलेली गावं म्हणून कागदोपत्री जिवंत ठेवली आहेत, आणि त्यांनाही महापौर आहे. हे कळलं तेव्हा मला वाटलं, असा देश माणसं मोजणार म्हणजे कसून मोजणार.

आमच्या गावाचा प्रश्न नेमका उलटा. इथे माणसं मावत नाहीत. त्याचं कारण सीमेपलीकडे आहे. 2025 साली जिनिव्हात तासाचं किमान वेतन 24.48 फ्रँक होतं, फ्रान्समध्ये 11.88 युरो. फ्रँक आणि युरोची किंमत जवळपास सारखीच. मग लोक काय करणार? नोकरी तिकडे, घर इकडे. जिनिव्हात अशा कामगारांचे लाखाच्या वर परवाने आहेत. यांना 'फ्रोंतालिए' म्हणतात, म्हणजे सीमेवरचे. पहाटे सहाला आमच्या गावातल्या मुख्य रस्त्यावर गाड्यांची जी रांग लागते ती बघितली की कुणी जनगणना करायची गरजच नाही असं वाटतं.

आणि हे आजचं नाही. शेजारच्या फेर्नेमध्ये अठराव्या शतकात व्होल्तेर हा लेखक-तत्त्वज्ञ येऊन राहिला तेव्हा तिथे शेदीडशे माणसांची वाडी होती. त्यानं घरं बांधली, जिनिव्हातून वैतागून निघालेले घड्याळवाले आणून वसवले आणि वीसेक वर्षांत वस्ती हजाराच्या वर गेली. म्हणजे जिनिव्हात बिनसलं की आमच्याकडे घरं उठतात, हा इथला जुनाच हिशोब.

तर, गावच्या पत्रकात जाहिरात आली: प्रगणक पाहिजेत, जानेवारी-फेब्रुवारी, संध्याकाळी आणि शनिवारी वेळ देता आला पाहिजे, गाव माहीत पाहिजे. माझं फ्रेंच तोवर बाजारापुरतं ठीक होतं, वाद घालण्यापुरतं नव्हतं. तरी अर्ज केला. मेअरीत, म्हणजे आमच्या ग्रामपंचायतीत, ज्या बाईंकडे हे काम होतं त्यांनी एकच प्रश्न विचारला, "तुम्हाला कुत्र्यांची भीती वाटते का?" मी म्हटलं, मी खेड्यातली आहे. झाली निवड.

नेमका त्याच हिवाळ्यात अण्णा आमच्याकडे आलेले. सगळे लोक आई-वडिलांना उन्हाळ्यात बोलावतात, पण अण्णांना बर्फ बघायचा होता. नव्वद दिवसांचा व्हिसा, दोन कानटोप्या आणि एक मोठं पुडकं शेंगदाण्याची चटणी घेऊन ते डिसेंबरात उतरले. मी प्रगणक झाल्याचं कळल्यावर त्यांच्या अंगात जी वीज संचारली ती बघण्यासारखी होती. मला सगळ्यात जास्त प्रशिक्षण त्यांनीच दिलं म्हणायला हरकत नाही.

सरकारी प्रशिक्षण दोन अर्ध्या दिवसांचं होतं. इन्से म्हणून राष्ट्रीय सांख्यिकी संस्था आहे, तिचे एक गृहस्थ शिकवायला आले. त्यांच्याकडून कळलं की फ्रान्स 2004 पासून सगळा देश एकदम मोजत नाही. दहा हजारांहून कमी वस्तीच्या कम्यूनचे पाच गट केलेत, दरवर्षी एका गटाची पाळी, आणि पाळी आली की घरन् घर मोजायचं. दहा हजारांच्या वरच्या गावांत मात्र दरवर्षी घरांचा फक्त आठ टक्के नमुना घेतात. शेजारचं सां-जनी-पुयी पूर्वी आमच्यासारखंच खेडं होतं, आता दहा हजारांची रेघ ओलांडून नमुन्यात गेलं. आमची पाळी आधी 2019 ला झाली होती. पाच वर्षांनी यायची ती कोविडमुळे सगळ्यांचंच वेळापत्रक एक वर्ष पुढे सरकल्यानं 2025 ला आली.

मग ओळखपत्र मिळालं. तिरंगी, म्हणजे त्यांचा तिरंगा, माझा फोटो आणि खाली महापौरांची सही. माझ्या वाट्याला साधारण अडीचशे घरांचा भाग आला आणि एक वही. त्या वहीत प्रत्येक घराला एक ओळ.

घरी आल्यावर अण्णांनी प्रश्नावलीचा नमुना मागितला. नमुना जाहीरच असतो, त्यात गुप्त काही नाही, म्हणून दाखवला. एकेका प्रश्नाचं मराठी करून सांगत गेले. घराचा आकार, खोल्या, गाडी आहे का. मग माणसाचा कागद: जन्म कधी, कुठे, नागरिकत्व, शिक्षण, कामाला कुठल्या गावी जाता, कशानं जाता, गेल्या वर्षीच्या एक जानेवारीला कुठे राहत होता. या वर्षी एक नवा प्रश्न होता, आई-वडिलांचा जन्म कुठला, पण त्याचं उत्तर ऐच्छिक. त्यावरून फ्रान्समध्ये बराच वाद चालू होता. असले प्रश्न आज आकडेवारीसाठी विचारतात, उद्या कशासाठी विचारतील, असं कामगार संघटनांचं म्हणणं होतं.

अण्णांनी कागद उलटा करून बघितला.

"धर्म?"

"नाही विचारत."

"जात-जमात?"

"नाही."

"मातृभाषा तरी?"

"तीही नाही अण्णा."

"मग एवढी चार पानं भरायची कशानं यांनी?"

त्यांना ते खरंच पटत नव्हतं. त्यांच्या वेळी निम्मा वेळ मातृभाषेच्या रकान्यात जायचा म्हणे, कारण कुणी 'मराठी' म्हणायचं, कुणी 'आपली साधी'.

जानेवारीच्या पहिल्या दोन आठवड्यांत पाहणी फेरी असते. प्रत्यक्ष मोजणी नाही, फक्त पत्ते तपासायचे, यादीतलं घर खरंच तिथे आहे का आणि तिथे असलेलं घर यादीत आहे का हे बघायचं. आपल्या घरयादीसारखंच, फक्त गेरू नाही. मला वाटलं होतं हे सगळ्यात कंटाळवाणं काम असेल. पण गाव कसं वाढलं ते मला या फेरीतच दिसलं, पुढच्या महिनाभरात नव्हे.

गाव वाढतं म्हटलं की डोळ्यासमोर क्रेन येतात, नव्या इमारती येतात. त्या आहेतच. जिथे मक्याचं शेत होतं तिथे आता चार मजली इमारती आहेत, त्यांच्या नावात मात्र 'कुरण' किंवा 'बाग' हमखास असते. पण खरी वाढ दिसत नाही अशा ठिकाणी लपलेली असते. यादीत एक जुना वाडा होता: 'शेतघर, 1 निवासस्थान'. मी गेले तर दारात सहा टपालपेट्या. जिथे गुरं बांधायची तिथे दोन फ्लॅट, गवताच्या माळ्यावर दोन, मूळ घराचे दोन भाग. मालक कुठेतरी दक्षिणेला राहतो. अशी तीन-चार तरी घरं निघाली. एका बंगल्याच्या गॅरेजला खिडकी आणि खिडकीत फुलांचा पडदा. म्हणजे आत कुणीतरी राहतंय. पण टपालपेटी नाही, बेल नाही. मी वहीत लिहिलं: गॅरेज, पडदा, परत बघणे.

अण्णा म्हणाले, "चुलीचा धूर बघ. एका छपराखाली किती चुली, तेवढी कुटुंबं." त्यांच्या जनगणनेची व्याख्याच तशी, एकाच स्वयंपाकघरात जेवतात ते एक कुटुंब. फ्रान्समध्ये चुलीला विचारत नाहीत, दाराला विचारतात. स्वतंत्र दार असेल तर ते एक निवासस्थान. मी त्यांना तसं सांगितलं. त्यावर ते म्हणाले की आपली व्याख्या जास्त शहाणी आहे. मलाही मनातून तसंच वाटतं. घटस्फोट होऊनही वरखाली मजल्यांवर राहणारं आणि एकत्र जेवणारं एक जोडपं मला नंतर भेटलं, त्यांची दोन दारं होती आणि चूल एक. फ्रान्सनं त्यांना दोन धरलं.

16 जानेवारी, गुरुवार. मोजणी सुरू. 15 फेब्रुवारीच्या शनिवारी संपवायची. आता बहुतेक काम इंटरनेटवर होतं. आम्ही पत्र टाकतो, त्यात कोड असतो, लोक आपापलं भरतात, आणि मेअरीतून आम्हाला कळतं की हे घर झालं. माझ्या भागात निम्म्याहून अधिक घरं पहिल्या आठ-दहा दिवसांत अशी आपोआप झाली. ज्यांचं लगेच होतं त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नसतंच. उरलेल्यांकडे संध्याकाळी सहा ते आठ जायचं, कारण त्याआधी कुणी घरी नसतं.

हिवाळ्यात इथे 'बीझ' वाहतो. ईशान्येकडून येणारा कोरडा वारा, जिनिव्हाच्या सरोवराकडून सुटला की थेट हाडात शिरतो. हातमोजे घातले तर पेन धरता येत नाही, काढले तर बोटं धरता येत नाहीत. पेनातली शाई गोठली तेव्हा मी शिसपेन्सिल वापरायला लागले. एका घराच्या फाटकावर पाटी, 'कुत्रा चावतो'. अण्णांचा सल्ला आठवला: आधी आवाज दे, मग कडी वाजव. मी फाटकाबाहेरूनच मोठ्यानं "बोंजूर!" केलं. आतून एक इवलंसं पांढरं कुत्रं आलं, आणि त्याच्यामागून एक आजोबा. म्हणाले, कुत्रा गेल्या वर्षी वारला, ही नातीची आहे, पाटी विक्रेत्यांसाठी ठेवली आहे.

गावातल्या मूळ लोकांना जेसियाँ म्हणतात. माझ्या अडीचशे घरांत ती बोटांवर मोजण्याइतकी. एका आजींनी इंटरनेट नको, कागद नको, तूच लिही म्हणून मला स्वयंपाकघरात बसवलं. टेबलावर ब्ल्यू द जेक्स चीजचा अर्धा चंद्र, निळ्या शिरांचं, मला अजून त्याची चव लागत नाही, पण नाही म्हणता आलं नाही. जन्म कुठे? "इथे." इथे म्हणजे या कम्यूनमध्ये? "इथे म्हणजे वरच्या खोलीत." गेल्या वर्षी एक जानेवारीला कुठे राहत होता? त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मी न विचारताच लिहिलं. आई-वडिलांचा ऐच्छिक प्रश्न आला तेव्हा मात्र त्या थांबल्या. आई पलीकडच्या गावची, चार किलोमीटरवरची. "तिला शेवटपर्यंत बाहेरची म्हणायचे," असं म्हणाल्या आणि हसल्या. मी, सात हजार किलोमीटरवरून आलेली, समोर बसून चीज खात होते.

बाकी सगळे बाहेरचे. आणि मोजणीतला सगळ्यात अवघड प्रश्न कागदावर नसतोच, तो दारात उभं राहूनच विचारावा लागतो: तुम्ही इथे राहता का?

ऐकायला साधा आहे. पण हा घ्या, पहिला नमुना. आई-बाप वेगळे झालेत, मुलगा एक आठवडा याच्याकडे, एक आठवडा तिच्याकडे. त्याला कुठे मोजायचं? जिथे जास्त दिवस राहतो तिथे. अगदी निम्मे-निम्मे असेल तर 16 जानेवारीच्या त्या गुरुवारी तो जिथे होता तिथे. वडिलांना आठवेना. मुलगाच म्हणाला, गुरुवारी? गुरुवारी आईकडे मासे होते. झालं, आईकडे.

दुसरा. ल्योंला कॉलेजात शिकणारी मुलगी, तिची खोली इथे तशीच आहे, पोस्टर्ससकट. तिच्या आईला ती मोजायचीच होती. सज्ञान असेल आणि तिकडे स्वतःचं घर घेऊन राहत असेल तर तिला तिकडेच मोजतात. आई म्हणाली, "पण कपडे धुवायला ती इथेच येते." त्यासाठी रकाना नाही.

तिसऱ्या घरी दार उघडलं आणि हिंग-मोहरीचा वास आला. पुढचं संभाषण फ्रेंचमध्ये सुरू होऊन दुसऱ्या वाक्याला मराठीत आलं. तो मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेतून सर्नच्या एका प्रयोगावर आलेला, बायको आणि तान्हं मूल बरोबर. "अहो ताई, आम्ही टेम्पररी आहोत. दोन वर्षांचं काम. आम्हाला कशाला मोजता?" मी नियम सांगितला, बारा महिन्यांहून जास्त राहिलात किंवा राहायचा विचार असेल तर तुम्ही इथले. त्याची बायको आतून म्हणाली, "बघ, मी म्हणत होते, आपण इथले आहोत." तो म्हणाला, "आपण ठाण्याचे आहोत." मी दोन कप चहा पिऊन कागद भरून घेतला. त्यांचं बाळ जिनिव्हाच्या इस्पितळात जन्मलं, राहतं फ्रान्समध्ये, नागरिकत्व भारताचं. रकाने तिन्ही होते, आणि तिन्ही भरले.

मग खिडक्यांच्या झडपा बंद असलेली घरं. या घरांनी मला खरं छळलं.

पेई द जेक्समध्ये एक प्रकार आहे, त्याला लोक 'खोटे सुट्टीवाले' म्हणतात. कागदोपत्री माणूस जिनिव्हात राहतो. कुणाला नोकरीच्या अटीमुळे तिकडचा पत्ता ठेवावा लागतो, कुणाची मुलं तिकडच्या शाळेत आहेत, कुणाला तिकडच्या सवलती सोडवत नाहीत. तिकडे एखादी खोली किंवा नातेवाइकाचा पत्ता असतो. प्रत्यक्षात बायकामुलांसकट बिऱ्हाड आमच्या गावात, तीन झोपायच्या खोल्यांच्या बंगल्यात. विचारलं तर सांगतात, हे आमचं सुट्टीतलं घर.

आता मोजणीत घरांचे प्रकार ठरलेले आहेत: मुख्य निवास, अधूनमधूनचं, दुय्यम म्हणजे सुट्टीतलं, आणि रिकामं. दुय्यम म्हटलं की आतल्या माणसांचा कागद भरला जात नाही. तिथे शून्य माणसं. प्रशिक्षणात स्पष्ट सांगितलं होतं, तुम्ही पोलीस नाही, माणूस सांगेल ते लिहायचं. उत्तर देणं कायद्यानं बंधनकारक आहे, नाकारलं तर 38 युरो दंड, पण दंडाच्या धाकावर कुणी दार उघडल्याचं मी तरी पाहिलं नाही.

गावाला याचा फटका बसतो तो असा. जिनिव्हा 1973 च्या करारानुसार सीमेवरच्या कामगारांच्या एकूण पगाराच्या 3.5 टक्के रक्कम दरवर्षी एं आणि ओत-साव्वा या दोन फ्रेंच जिल्ह्यांना परत करतं, कारण माणसं कमावतात तिकडे पण रस्ते, शाळा, पाणी वापरतात इकडचं. जो स्वतःला इथला म्हणवत नाही, त्याच्यामागचे पैसे येत नाहीत. पॅरिसहून मिळणारं अनुदानही लोकसंख्येवर. त्यात दुय्यम घराला सरकार एक माणूस धरतं, एवढीच काय ती दया. म्हणजे चार माणसांचं बिऱ्हाड असेल तर तीन हवेत गेली. त्यांचं सांडपाणी मात्र चार माणसांचं.

असं एक घर माझ्या वहीत होतं. गॅरेजच्या पडद्याचं कोडं सुटलं होतं तोवर (एक तरुण आचारी निघाला, जिनिव्हातल्या हॉटेलात रात्रपाळी, दुपारी तीनला गेले तेव्हा सापडला). हे मात्र सुटेना. तीनदा गेले, झडपा बंद. चौथ्यांदा मुद्दाम सकाळी साडेसहाला, नवऱ्याला बसथांब्यावर सोडून परत येताना गेले. झडपांच्या फटींतून उजेड. आत कुणीतरी टोस्टरचा खटका दाबला. अंगणात बर्फाचा माणूस, त्याला लहान मुलाची टोपी. टोपीचा रंगही मी सांगू शकते, पण नाही सांगत.

संध्याकाळी बेल वाजवल्यावर एक सभ्य गृहस्थ आले. फार नम्रपणे म्हणाले, "मादाम, हे दुय्यम निवासस्थान आहे. आम्ही इथे फक्त शनिवार-रविवार येतो." त्या दिवशी मंगळवार होता. हे दोघांनाही माहीत होतं. त्यांच्यामागे जिन्यावर शाळेचं दप्तर पडलेलं. मी वहीत लिहिलं: दुय्यम. त्यांनी आभार मानले, मीही मानले. वारा इतका होता की फाटक मला दोन हातांनी ओढावं लागलं.

घरी येऊन अण्णांना नाव-गाव न सांगता फक्त एवढंच विचारलं, तुमच्या वेळी कुणी खोटं सांगायचं का? ते म्हणाले, "आमच्याकडे उलटं असायचं. मुंबईला गिरणीत असलेला मुलगासुद्धा लिहा म्हणायचे. पुण्याला नांदत असलेली लेक लिहा म्हणायचे. घरात चार, सांगायचे नऊ." मग बराच वेळ खिडकीतून बर्फ बघत बसले. नंतर म्हणाले, "तुझ्या घरात मला लिहिलंस का?"

नव्हतं लिहिलं. नव्वद दिवसांचा पाहुणा मोजत नाहीत. आपल्याकडे मोजणीच्या त्या वीस दिवसांत जो माणूस ज्या घरी असेल आणि आपल्या घरी परत जाणार नसेल, त्याला तिथे धरायची सोय असते. इथे नाही. मी नियम समजावून सांगितला. जन्मभर नियमानं चाललेला माणूस, त्यांनी मान डोलावली. पण जेवताना दोनदा म्हणाले, "तीन महिने म्हणजे काही थोडे नाहीत."

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत महापौरसाहेब रोज मेअरीत विचारायला येऊ लागले. त्यांना एका आकड्याचा ध्यास लागला होता: 2500. या रेघेला दोन गोष्टी बांधलेल्या आहेत. एक, अडीच हजारांना नगरसेवकांची संख्या 19 वरून 23 होते. दुसरी जास्त महत्त्वाची: गावात औषधाचं पहिलं दुकान उघडायला परवानगी मिळते ती अडीच हजार वस्ती झाल्यावर. आमच्याकडे क्रोसिनची गोळी आणायची तरी शेजारच्या गावाला जावं लागतं. आजींच्या स्वयंपाकघरातही विषय तोच होता, शाळेच्या फाटकावरही तोच. त्यामुळे शेवटच्या आठवड्यात मी ज्या ज्या दारी गेले तिथे मला ते घर नव्हे, कपाटात एक गोळी जास्त दिसायला लागली होती.

15 तारखेला वही परत केली. माझ्या भागात सात घरं अशी राहिली जिथे कुणी भेटलंच नाही, त्यांचा वेगळा कागद भरला. मानधन मिळालं, ठरलेली रक्कम, त्यातलं बरंचसं नव्या बुटांत गेलं. अण्णा मार्चमध्ये परत गेले. विमानतळावर मला म्हणाले, "आपल्याकडचीही आता होणार म्हणतात. 2011 नंतर झालीच नाही. मोबाईलवर भरणार आहेत म्हणे. गेरू कोण आणणार आता."

आकडा डिसेंबर 2025 च्या अखेरीस जाहीर झाला. मी उत्सुकतेनं बघायला गेले आणि तिथे लिहिलं होतं: 1 जानेवारी 2023 ची लोकसंख्या. मेअरीतल्या बाईंना विचारलं, मी मोजलं 2025 ला, हा आकडा 2023 चा कसा? त्यांनी शांतपणे समजावलं. सगळ्या कम्यूनची तुलना करता यावी म्हणून सगळ्यांचा आकडा एकाच तारखेला आणतात. आमचा 2019 चा आणि 2025 चा आकडा घेऊन मधली रेघ काढली आणि 2023 जिथे येतं तिथे बोट ठेवलं. म्हणजे मी बीझमध्ये उभं राहून मोजलेली माणसं होती, पण ती अजून पूर्ण पोहोचली नव्हती. अडीच हजारांना आकडा थोडक्यात कमी पडला. औषधाचं दुकान अजून शेजारच्या गावातच आहे.

अण्णांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे तुम्ही मोजलं एक आणि छापलं दुसरं. मग मोजलं कशाला?" मग स्वतःच म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं. पण बरोबर नाही."

त्यानंतरच्या एका बुधवारी मी बेकरीत रांगेत उभी होते. माझ्या पुढे दोघं सोडून ते गृहस्थ होते, दुय्यम निवासवाले. त्यांनी मला ओळखलं, मान किंचित झुकवली, "बोंजूर मादाम." मीही "बोंजूर मस्यू." त्यांची पाळी आली. काउंटरमागची मुलगी वर न बघताच 'बागेत' नावाचे लांब पाव कागदात गुंडाळायला लागली. "नेहमीच्याच दोन ना?"

"हो," ते म्हणाले. "आणि उद्यासाठी ब्रियोश ठेवा, मुलाचा वाढदिवस आहे."